अठरा इसम

सरकारी इमारत झाडून-पुसून, नळ-दिवे चालू ठेवून नीट उभी ठेवायला माणसं किती लागतात, या एका प्रश्नाच्या भांडणात माझी सगळी नोकरी गेली. लोकांना वाटतं, सफाईच्या ठेक्यात भांडणं फिनेलवरून होत असतील, नायतर संडासच्या वासावरून. ती बी व्हायची, पण संध्याकाळपर्यंत मिटायची. वर्षानुवर्षं चालणारं भांडण एकच, आकड्याचं. कागदावर किती, कामावर किती, आणि खरंच लागतात किती. हे तीन आकडे मी कधी एकसारखे बघितले नाहीत.

इमारत कोणती ते सांगत नाही. आपल्याच शहरातली, चार मजल्यांची, जिथं गावोगावचे लोक अर्ज घेऊन येतात आणि दुपारपर्यंत जिन्यावर बसून राहतात, अशी समजा. तिथं मी आधी खराटा धरला, मग मुकादम झाले, मग ठेकेदाराची सुपरवायझर. शाळा माझी दुसरीपर्यंत. वाचायला मी हजेरीच्या वहीवर शिकले, त्यामुळं गोष्टीच्या पुस्तकापेक्षा रकाने मला लवकर वाचता येतात. सगळी इमारत मला आक्का म्हणायची, साहेबापासून चहावाल्यापर्यंत. ठेकेदार दर तीन वर्षांनी बदलायचा, मी तिथंच. नवा शेठ आला की पहिल्या दिवशी विचारायचा, "आक्का, चाव्या कुठं असतात?" आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, "एवढी माणसं कशाला?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सरकार इमारतीच्या देखभालीचं टेंडर काढतं. त्याच्या मागं एक तक्ता जोडलेला असतो. पंपावर इतके, विजेचं काम जाणणारा एक, नळवाला एक, सफाईला इतके. त्यातला एक जरी कमी दिसला तरी ठेकेदाराला दंड. म्हणून साहेब डोकी मोजत फिरतो आणि ठेकेदार डोकी वाचवत फिरतो. मधे सुपरवायझर. साहेब म्हणणार माणसं दाखव, शेठ म्हणणार माणसं कमी कर, आणि दोघं मिळून म्हणणार, संडास का तुंबला?

हा आकडा ठरतो फरशीच्या मापावर. एका माणसानं इतके चौरस मीटर झाडायचे, असं कुठंतरी लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यानं जिना झाडलेला नसावा. एका वर्षी मापात जिनेच धरले नव्हते. मोजायला आलेल्या साहेबांना मी विचारलं, तर म्हणाले, "आक्का, जिना उभा असतो, त्याला क्षेत्रफळ कसलं?" मी म्हणाले, "साहेब, थुंकणारे त्याला आडवाच समजतात. तुमी एकदा कोपऱ्याकोपऱ्यानं चार मजले चढून या, मग मी काय बोलत नाय." ते चढले. दुसऱ्या मजल्यावर नाकाला रुमाल लावला, तिसऱ्यावरून परत फिरले. त्या वर्षी आमच्या सफाईत एक माणूस वाढला. तो अठरावा. तेव्हापासून सफाईला अठरा, हा आकडा आमच्या इमारतीत पक्का झाला. तक्त्यात लिहिलेलं असायचं, "सफाई कामगार: अठरा इसम."

आता या इसम शब्दाचं सांगायचंय.

पुढं एक साहेब आले, लई अक्षर धरून चालणारे. तक्ता हातात घेऊन त्यांनी आमची रांग मोजली. चार बाप्ये, चौदा बाया. म्हणाले, "इसम चारच आहेत."

मी म्हणाले, "साहेब, अठरा जणं उभी हायेत."

"बायका उभ्या आहेत. इसम म्हणजे पुरुष. पेपरात वाचत नाही का, अज्ञात इसमाने पळ काढला. बाईला कुणी इसम म्हणतं का?"

शेठनं घाबरून बायांच्या जागी शेंद्रा गावाकडून चौदा तरणी पोरं आणली. पोरं चांगली होती, पण बायकांच्या संडासात त्यांना पाठवायचं कसं? ती दाराशी उभी राहायची आणि आतल्या बाया वरडायच्या. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी स्वतः साहेबांना फोन केला. फोनवर काय बोलणं झालं माहीत नाही, पण साहेबांचे कान लाल झालेले मी बघितले.

तरी शब्द तसाच अडलेला होता. मग मी पंपावर गेले. पंपावर रशीदचाचा होते. निजामाच्या राज्यात पोरगेले असताना ते एका कचेरीत शिपाई लागले होते. पोलीस ॲक्शननंतर सगळा कारभार उर्दूतून मराठीत आला आणि चाचांचं उर्दू वाचणं कुणाच्या कामाचं राहिलं नाही. शेवटी ते पंपावर आले. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या मजल्याचा, हे इमारतीत त्यांना एकट्यालाच ठाऊक. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती, म्हणजे त्यांनी मराठी अक्षरं स्वतः नवीन शिकली तशी मला दिली.

मी विचारलं, "चाचा, इसम म्हंजे काय हो? बाप्या का?"

चाचा हसले. "किसने बोला? अगे बेटी, इस्म बोले तो नाम. हमारे जमाने में रजिस्टर पे तीन खाने रहते थे. इस्म, वल्दियत, सकूनत. नाव, बापाचं नाव, राहणार कुठं. इस्म के खाने में नाम लिखते, आदमी नहीं बिठाते."

मी तशीच वर गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हणाले, "साहेब, इसम म्हंजे नाव. जुन्या रजिस्टरातला शब्द हाय. अठरा इसम म्हंजे अठरा नावं. बाईला नाव नसतं का?"

साहेबांनी तक्त्यावर बारीक अक्षरात लिहिलं, स्त्री अथवा पुरुष. सही केली. पोरं शेंद्र्याला परत गेली.

खरं सांगते, एवढा आनंद मला मुकादम झाले तेव्हाही झाला नव्हता. दुसरी शिकलेल्या बाईनं साहेबाला एका शब्दावर हरवलं. महिनाभर मी ते सांगत फिरले. शब्द माझ्या हातात आला असं मला वाटलं. आणि तिथंच माझं चुकलं, पण ते कळायला बरीच वर्षं लागली.

गयाबाई आमच्यातली जुनी. पडेगावहून यायची. तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे संडास तिच्याकडं. ॲसिड टाकून, काथ्यानं घासून ती भांडं असं काढायची की नवं बसवलंय असं वाटावं. हातमोजे यायचे ते बाप्याच्या मापाचे. ते घालून काथ्या पकडता येत नसे, म्हणून ती उघड्या हातानं करायची. मी रागवायचे. ती म्हणायची, "आक्का, हात मह्येच हायेत ना, दुसऱ्याचे थोडीच हायेत."

एक दिवस ती गळ्यातला कामाचा पास काढून हातात घेऊन आली. सासू अंथरुणाला खिळली होती, घरी सतत कुणीतरी लागत होतं. "म्या जाते आक्का. दुसरी बाई बघा."

तिची धाकटी जाऊ होती, रुक्मीण; गयाबाईला ती नुसतं बाई म्हणायची. दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर. मी विचार केला आणि म्हणाले, "जाऊ नको. सकाळी सात ते अकरा तू ये. अकराला रुक्मीण येईल, ती तीनपर्यंत. घरी एकजण राहील. नाव तुझंच राहू दे."

गयाबाई म्हणाली, "आन कुणी इचारलं तर?"

मी म्हणाले, "तक्त्यात अठरा इसम मागितलेत. इसम म्हंजे नाव. नाव एकच हाय ना? नावामागं कोण उभं राहतं ते आपलं आपण बघू."

मला त्यात लबाडी वाटली नाही, हे आज कुणाला पटणार नाही. मी रशीदचाचांचा शब्द साहेबाकडून मान्य करून घेतलेला होता. मला वाटलं, कायदाच माझ्या बाजूनं आहे. आणि काम तर आधीपेक्षा चांगलं व्हायला लागलं. अकराला दमलेली बाई जायची, ताजी बाई यायची. साहेब लोक म्हणायचे, गयाबाई दुपारी बी तशीच पळते. त्यांना कुठं चेहरा बघायचा असतो. साडी निळी, पदर डोक्यावर, हातात बादली. रुक्मीणला कुणी "गयाबाई" म्हणून हाक मारली की ती "जी" म्हणायची. आधी हसून म्हणायची, मग सवयीनं. अशी अकरा वर्षं गेली. सासू मधेच वारली, पण तोवर घराची घडी तशीच बसली होती. एकीची कामाची वेळ तीच दुसरीची पोरं-शेळ्या बघायची वेळ.

मग अंगठ्याचं मशीन आलं.

आधारकार्ड तेव्हा नव्हतं. साहेबांना वाटलं, अंगठा घेतला की भांडण मिटलं, डोकी मोजायला नकोत. मशीन बसवणारा पोरगा टेबल मांडून बसला आणि आमच्या बाया रांगेत. पहिल्या सहाजणींतल्या चौघींचा अंगठा लागेना. पोरगा म्हणाला, "मावशी, रेघाच नाहीत. बोटं झिजलीत." मग कुणाचं मधलं बोट, कुणाची करंगळी, असं करत एकेकीचं जुळवलं. गयाबाईची दहाही बोटं घेतली. तेल लावलं, राख लावली, कोमट पाण्यात हात बुडवून आणले. दरवेळी लाल दिवा. तिनं बोटं डोळ्यांजवळ धरून बघितली आणि मला विचारलं, "खरंच काय नाय का यांच्यावर? मला तर दिसू लागलंय." खरं तर दिसण्यासारखं काही नव्हतं. ॲसिडनं हात नुसते गुळगुळीत केले होते.

अकरा वाजले होते म्हणून रुक्मीण येऊन मागं उभी होती. पोरगा कंटाळून म्हणाला, "पुढची." रुक्मीण पुढं झाली, अंगठा ठेवला, एका झटक्यात हिरवा दिवा. पोरग्यानं विचारलं, "नाव?"

रुक्मीणनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "गयाबाई."

ते बी मीच म्हणाले.

मशीन ज्या खोलीत होतं ती खोली दहाला उघडायची आणि आमची माणसं सातला यायची. म्हणून जातानाचा अंगठा तेवढा धरायचं ठरलं. जाताना दुपारची रुक्मीणच असायची. त्यामुळं काही अडलं नाही. दीड वर्ष गेलं.

मग जे आलं त्यासाठी एवढं सांगितलं. नवं टेंडर निघायचं होतं आणि सरकारनं त्यात एक चांगली अट घातली. ठेकेदार बदलला तरी जुन्या पूर्णवेळ कामगारांना घरी बसवायचं नाही, नव्यानं त्यांनाच घ्यायचं. अट चांगली होती, पण नव्या शेठला अठरा नको होते, चौदा हवे होते. तो म्हणाला, यादीत खोटी नावं असतील ती आधी काढा. खात्यानं पडताळणी लावली. एकेकानं समोर येऊन नाव सांगायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, नाव आणि अंगठा जुळला तर कायम. आणि एक जरी नाव खोटं निघालं तर सगळी यादी संशयाची धरून चौदावर आणायची. मी खात्यात चार चकरा मारून अठराच्या बाजूनं लेखी दिलं होतं. जिन्यांपासून सगळं लिहिलं होतं. माझ्या सहीनं.

पडताळणीचे साहेब कोकणातले, नवीन आलेले. माणूस सभ्य. बायांना उभं ठेवलं नाही, खुर्च्या दिल्या. मी आदल्या दिवशी दोघी जावांना सांगितलं होतं की रुक्मीणनं जायचं, अंगठा तिचा आहे. पण वेळ निघाली अकराची, पाळी बदलायची. दोघी तिथंच. साहेबांच्या कारकुनानं हाक मारली, "गयाबाई," आणि गयाबाई उठली. नाव तिचं होतं, ती उठणारच. तिला थांबवायला माझा हात पुढं झाला आणि तसाच राहिला.

तिनं अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. साहेब म्हणाले, "सावकाश ठेवा मावशी." तिसऱ्यांदा लाल.

साहेबांनी कागद बघितला. "दीड वर्षात एक दिवस खाडा नाही. रोज तीन वाजता अंगठा लागलाय. मग आज का लागत नाही? रोज कोण लावतं?"

मागं सतरा जणं बसलेली. नव्या शेठचा माणूस भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

मी पुढं गेले. "साहेब, इसम एकच हाय. माणसं दोन हायेत." आणि रुक्मीणला बोलावलं. तिनं अंगठा ठेवला. हिरवा.

मग मी सगळं सांगितलं. सासू, सात ते अकरा, अकरा ते तीन. आणि शेवटी माझा शब्द काढला. इसम म्हंजे नाव, मागच्या साहेबांनी मान्य केलंय, टिपण फाइलीत आहे.

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आक्का, शब्दाचं मूळ तुम्ही म्हणता तसं असेल. पण आता इसम म्हणजे माणूस. एक इसम, एक माणूस. साडेबारा वर्षं तुमच्या हजेरीवर एक माणूस खोटा आहे."

"खोटं कुणीच नाय साहेब. दोघींनी काम केलंय."

"पूर्णवेळ कोणी केलं?"

"दोघींनी मिळून."

"तसा रकाना माझ्याकडे नाही."

मी रकाने वाचणारी बाई. मला लगेच कळलं, खरंच नव्हता.

साहेबांनी पेन बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी दोन नावं लिहू शकत नाही. एकही लिहिलं नाही तर यादी खोटी ठरते आणि चार घरी जातात. मला एक नाव आणि एक अंगठा जुळलेला पाहिजे. सुपरवायझर तुम्ही. ओळख पटवून सही तुम्हाला करायची आहे. यातली गयाबाई कोण, ते तुम्ही सांगा."

विचार करायला वेळ होता असं नाही. पण डोक्यात सगळं फिरलं. नाव गयाबाईचं. हात झिजवले तिनं. पण तिचा अंगठा कुठल्याच मशीनवर लागायचा नाही, प्रत्येक वेळी हाच प्रश्न उभा राहायचा. रुक्मीण तिच्यापेक्षा चांगली तेरा-चौदा वर्षांनी लहान. तिच्या अंगात अजून पंधरा वर्षांचं काम आहे. घर एक, चूल एक. एकीचं टिकलं तर दोघींचं टिकलं. मागं सतरा जणांचे डोळे माझ्या पाठीवर.

मी रुक्मीणकडं बोट केलं. "ही गयाबाई."

साहेबांनी लिहिलं. मी सही केली, ओळख पटवली म्हणून. खरी गयाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग म्या आता जाऊ का?" कुणाला विचारलं ते कळलं नाही. साहेब म्हणाले, "हो मावशी, या तुम्ही." खाली फाटकापाशी तिनं गळ्यातला पास काढला आणि रुक्मीणच्या गळ्यात घातला. मला म्हणाली, "फोटू तेवढा बदलून घ्या आक्का. नायतर लोक म्हणतेल, गया लई तरणी झाली."

रुक्मीण रडत होती. गयाबाई नाही.

अठरा राहिले. सतरा जणांनी मला चहा पाजला. नव्या शेठनं माझ्याशी पंधरा दिवस बोलणं टाकलं, ते मला बरंच वाटलं. रुक्मीण पूर्ण दिवस करू लागली. गयाबाई घरी शेळ्या आणि लोकाच्या वावरात खुरपण करायला लागली. मी कधी पडेगावला गेले की चहा करायची, विषय काढायची नाही. मीच अस्वस्थ व्हायचे. मनाला सांगायचे, हिशेब बरोबर होता. पंधरा वर्षं.

तीन वर्षांनी पुन्हा नवं टेंडर. तक्ता माझ्या टेबलावर आला. अठरा इसम, ठीक. खाली एक नवी ओळ होती. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेला इसम कामावर ठेवू नये. मी सवयीनं यादी घेऊन एकेक नाव बघायला लागले. अकराव्या ओळीवर माझं बोट थांबलं. गयाबाई. जन्मसाल गयाबाईचं. साठ पूर्ण.

मी नाव कुणाचं ते बघितलं होतं, अंगठा कुणाचा ते बघितलं होतं. नावाच्या पुढच्या रकान्यात वय असतं, ते आयुष्यभर रकाने वाचणारी मी त्या दिवशी विसरले होते.

कारकून नवा होता. तो रुक्मीणला म्हणाला, "काकू, साठीत बी काय तब्येत राखलीय, आमच्या आईला सांगतो." रुक्मीण सत्तेचाळीसची असेल.

मी साहेबांकडं गेले. हे तिसरेच साहेब. मी दाराबाहेर बाकावर बसले. आत जाऊन काय सांगणार होते? हिचं वय हे नाही, कारण नाव हिचं नाही, कारण ओळख मी पटवली होती? आतून साहेबांनी विचारलं, "आक्का, काही काम होतं का?" मी म्हणाले, "नाय साहेब, पंपाचं होतं, झालं." खरं लिहायला बसलेय तर हे बी लिहिते. मला माझ्या सहीची भीती वाटली. माझी दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं मी पूर्ण केली.

रुक्मीणला मीच सांगितलं. ती दुसऱ्या मजल्याचा जिना पुसत होती. मी दोन पायऱ्या खाली उभी राहून सगळं सांगितलं, नवी अट, साठ, यादी. तिनं पोचा बादलीत पिळला. बराच वेळ पिळत राहिली, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

मग म्हणाली, "म्हंजे बाईची साठी भरली."

"व्हय."

"मह्यी कवा भरायची आक्का?"

मी म्हणाले, "संध्याकाळी घरी येते. बसून बोलू."

"घरी नका येऊ," रुक्मीण म्हणाली. "घरी बाई हाय. काहून काढलं असं तिनं इचारलं, तर तुझ्या वयानं काढलं असं सांगू का तिला?"

मी गेले नाही. अजून गेलेले नाही.